तीन भिंगांची मर्यादा

जुन्या लेन्सेस स्वस्त मिळतात, असं सगळे सांगतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. एकेक लेन्स स्वस्त मिळते आणि स्वस्त मिळते म्हणूनच ती एकटी राहत नाही. दोन हजारांची एक, तीन हजारांची दुसरी, ‘ही तर सोडण्यासारखीच नाही’ म्हणून तिसरी, असं करत करत कपाटात पंधरा-पंधरा लेन्सेस जमलेली माणसं मी पाहिली आहेत. तेवढ्या पैशांत एक नवीकोरी, उत्तम लेन्स आली असती, हे त्यांनाही ठाऊक असतं. म्हणून मिररलेस कॅमेऱ्यासाठी जुनी लेन्स कुठली घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी नाव सांगत नाही. किती घेणार ते ठरवा, म्हणते.

आमच्या घरात याला परिग्रह-परिमाण म्हणतात. गृहस्थाच्या पाच अणुव्रतांतलं हे पाचवं. मुनींनी सगळंच सोडायचं. आपण संसारी माणसांनी निदान किती ठेवायचं त्याचा आकडा आधी ठरवायचा. शेत किती, सोनं किती, भांडीकुंडी किती. आज्जीनं लुगड्यांचा आकडा ठरवला होता, बारा. माहेरहून तेरावं आलं की बारातलं एक कुणाला तरी देऊन टाकायची. आम्ही पोरी हसायचो. मी लेन्सेसचा आकडा ठरवला तेव्हा मात्र तिचंच डोकं वापरलं. तीन लेन्सेस, आणि त्यांना लागणाऱ्या सगळ्या सामानासकट दहा हजार रुपये. त्यापलीकडे नाही.

आकडा ठरला की निवड सोपी होते, कारण मग ‘कुठली चांगली’ असा प्रश्न उरत नाही, ‘मला कशासाठी हवी’ एवढाच उरतो. माझं काम साधं आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागातल्या जुन्या बस्त्या बघत फिरायचं, त्यांच्याबद्दल लिहायचं आणि लिहिलेल्याला जोडायला फोटो काढायचे. आमच्याकडे जैन मंदिराला बस्तीच म्हणतात. बस्तीत उजेड कमी. गाभाऱ्यात तर दिव्यापुरताच. कोणी पूजेला बसलेलं असताना फ्लॅश मारणं मला जमत नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीसारखी संरक्षित वास्तू असेल तर तिवई लावायलाही परवानगी काढावी लागते. १२०४ साली रट्टांच्या राजवटीत बांधलेली ही बस्ती. मंडपाच्या छतातून खाली झुकलेलं तिचं दगडी कमळ बघायला लोक येतात, मान वर करून उभे राहतात, आणि मोबाइलमध्ये एक काळा गोळा घेऊन घरी जातात.

माझा कॅमेरा सोनीचा ए-६०००. २०१४ सालचं मॉडेल, मी सेकंडहँड घेतलेलं. त्याच्याबरोबर येणारी झूम लेन्स ५० मिमीला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. जुन्या काळची ५० किंवा ५५ मिमीची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. हिशेब केला तर साडेनऊ पट जास्त उजेड. एवढा उजेड देणारी नवी लेन्स माझ्या दहा हजारांत बसली असती तरी ती एकटीच बसली असती. जुन्यांकडे वळायचं कारण हे, हौस नंतरची.

आता जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसते कशी, ते सांगते. फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा वर-खाली व्हायचा. त्याला हलायला जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब बसवलेली असे. एम-४२ नावाच्या स्क्रूच्या माउंटमध्ये हे अंतर ४५.४६ मिमी आहे. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे सोनीच्या ई माउंटमध्ये ते फक्त १८ मिमी. मधले जे २७.४६ मिमी उरतात, तेवढ्या लांबीची धातूची पोकळ नळी म्हणजे अ‍ॅडाप्टर. आत काच नाही, वायर नाही, बिघडण्यासारखं काही नाही. निकॉनच्या डीएसएलआरचं स्वतःचंच अंतर ४६.५ मिमी आहे. तिथं एम-४२ची लेन्स नुसती जोडली तर दूरचं काही फोकसमध्येच येत नाही. मिररलेस आले आणि फडताळात पडलेल्या या लेन्सेसना पुन्हा काम मिळालं, ते या काही मिलिमीटरांमुळे.

अशी लेन्स लावली की कॅमेऱ्याला लेन्स लागल्याचं कळतच नाही. मेनूत जाऊन, लेन्स नसली तरी शटर उघडू दे, अशी परवानगी एकदा द्यावी लागते. अ‍ॅपर्चर लेन्सच्या कडीवरून, फोकसही हातानं. फोकस जिथं बसला तिथल्या कडा पडद्यावर रंगीत होऊन दिसतात, हवं तर चित्र मोठं करूनही बघता येतं. धावणाऱ्या पोरांचे फोटो काढणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. दगड कुठं पळून जात नाही, त्यामुळे माझं भागतं.

कोणी म्हणेल, जुनी लेन्सच हवी तर जुना कॅमेराच का नाही? फिल्मचा? तर त्याचंही कारण आहे. फिल्मवरचा जो थर प्रकाश पकडतो तो जिलेटिनमध्ये कालवलेला असतो, आणि ते जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. हे कळल्यावर मला रोल विकत घेववत नाही. भिंग म्हणजे मात्र काच, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम. जुन्या लेन्सबरोबर कातड्याची डबी आली तर ती देणाऱ्यालाच परत करते. एरवीही कातडी पट्टा अडकवलेला कॅमेरा घेऊन बस्तीत पाऊल टाकता येत नाही.

आता निवडीकडे येऊ. पहिली गोष्ट ठरवायची ती माउंट. तीनही लेन्सेस एकाच माउंटच्या घेतल्या तर एकाच अ‍ॅडाप्टरवर भागतं. मी एम-४२ घेतलं. ४२ मिमी व्यासाचा, एक मिमी आट्यांचा साधा स्क्रू. तो १९४९ साली पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनला काँटॅक्स एस या कॅमेऱ्यावर आला. मग तिथलाच प्रॅक्टिका, रशियाचा झेनिट, जपानचा असाही पेंटॅक्स, अशा कितीतरी कॅमेऱ्यांनी तो वापरला. पेंटॅक्सनं १९७५मध्ये तो सोडला. म्हणजे तीन देशांत पंचवीसेक वर्षं एकाच मापाच्या लेन्सेस बनत होत्या. माल भरपूर, म्हणून भाव कमी. मिनोल्टा, ऑलिंपस, कॅननचं जुनं एफडी, यशिका, हीही चांगलीच घराणी आहेत आणि प्रत्येकाचा वेगळा अ‍ॅडाप्टर मिळतो. कुठल्या घरात मुलगी द्यायची ते एकदा ठरवा, म्हणजे झालं. फक्त एक बघा, लेन्सवर अ‍ॅपर्चरची कडी हवीच. काही लेन्सेसचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातूनच हलायचं. त्या साध्या अ‍ॅडाप्टरवर लावल्या तर ते कमी-जास्त करायला काही हाताशीच उरत नाही. एम-४२च्या बऱ्याच लेन्सेसना मागे एक बारीक खिळी असते. लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका नसेल तर आतून ती खिळी दाबून धरणारा अ‍ॅडाप्टर मागायचा.

दुसरी गोष्ट, मिमी. त्या काळी एसएलआर घेतला की बरोबर ५०च्या आसपासची लेन्स यायची. लाखोंनी बनलेल्या, आणि त्यांची रचना तोवर इतकी घासूनपुसून तयार झालेली की वाईट ५० मिमी सापडणं अवघड. पैशाला सगळ्यात जास्त काच इथं मिळते. त्यातही एफ १.८ घ्यावी. एफ १.४ साठी दुकानदार बरेच जास्त पैसे सांगतो, आणि उजेडातला फरक पाऊण स्टॉपच्या आत आहे.

आता सगळ्यांच्या तोंडी नाव हेलिओसचं. हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ २. झाइसच्या बायोटार लेन्सच्या रचनेवरून रशियानं बनवलेली. तिच्यानं काढलेल्या फोटोत मागची झाडं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. लग्नाच्या फोटोंना ते शोभतं. माझ्या मूर्तीमागं दगडी नक्षी असते. ती गरगरायला लागली तर माझ्या कामाची नाही. शिवाय नाव झालं की भाव वाढतो. त्याच कपाटात शेजारी बसलेली, नाव नसलेली लेन्स बघावी, ती बहुधा तितकीच गुणी असते.

मी घेतली सुपर-टाकुमार, ५५ मिमी, एफ १.८. पेंटॅक्स काढणाऱ्या असाही कंपनीच्या संस्थापकाच्या नात्यातल्या तकुमा काजीवारा या चित्रकाराच्या नावावरून हे नाव पडलं. ही लेन्स मला दोन हजार दोनशेला मिळाली, कारण ती पिवळी होती. साजूक तुपाची बाटली उजेडात धरावी तशी. काही टाकुमारांच्या काचेत थोरियम मिसळलेलं असतं. त्याच्या किरणोत्सर्गानं काच वर्षानुवर्षांत पिवळी पडत जाते. किरणोत्सर्ग अगदी थोडा, कॅमेऱ्याला लावून वापरायला भीती नाही. पण रंग बघूनच गिऱ्हाईक मागं फिरतं. आणि हा पिवळेपणा उन्हातल्या अतिनील किरणांनी जातो. एप्रिल महिना होता. आईचे उडदाचे पापड गच्चीवर वाळत होते. त्यांच्याच शेजारी मी ती लेन्स मागची बाजू वर करून ठेवली, खाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरून. फॉइल विसरू नका. भिंगच ते, उन्हात उघडं ठेवलं तर खालचं काही पेटायचं. तीन आठवड्यांत तूप गेलं, नुसती काच राहिली. आई शेजारणींना सांगायची, ‘पापड माझे, भिंग तिचं.’

स्वस्त घ्यायचं तर दोष असलेलंच घ्यावं लागतं. पण कुठला दोष बरा होणारा आणि कुठला नाही, हे कळायला हवं. लेन्स हातात आली की मोबाइलची बॅटरी लावून आरपार बघायचं, आधी पुढून, मग मागून. आतली धूळ सोडून द्या, ती फोटोत दिसत नाही. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा नाही. काठाला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर दोन भिंगं चिकटवलेला गोंद सुटतोय, ठेवून द्या. सगळी काच धुरकट वाटली तरी नको. अ‍ॅपर्चरची कडी फिरवून पाकळ्या चटकन हलतात का, त्यांच्यावर तेल चढलंय का, ते बघायचं. फोकसची कडी जड असेल तर आतलं ग्रीस वाळलेलं असतं. ते जाणता माणूस बदलून देतो, भावात तेवढं धरायचं.

आणि बुरशी. कोळिष्टकासारखे बारीक तंतू, कधी एका कोपऱ्यात, कधी फुलासारखे मधोमध. आपल्याकडे कोकण, गोवा, खानापूरचा पट्टा, इथल्या लेन्सेसचा हा घरचा रोग. बुरशीचे बीज हवेत सगळीकडे असतंच. त्याला हवा असतो ओलावा आणि अंधार, आणि पावसाळ्यात बंद कपाट दोन्ही देतं. बुरशी काचेवरच्या लेपाला खाते. नंतर पुसली तरी खाल्लेली खूण राहते.

एका विक्रेत्याकडून मागवलेली रुंद कोनाची लेन्स घरी आली. वर्णनात काच स्वच्छ म्हणून लिहिलेलं. बॅटरी लावली तर आत जाळं. मी फोन केला तेव्हा तो निम्म्या किमतीला द्यायला तयार झाला. बेळगावातला दुरुस्तीवाला म्हणाला, ‘घ्या की. पाचशे रुपयांत उघडून हायड्रोजन पेरॉक्साइडनं पुसून देतो, मागमूस राहायचा नाही.’ हिशेबानं बघितलं तर फायद्याचा सौदा.

पण लोणच्याला बुरा आला तर आमच्या घरात बरणी उन्हात ठेवत नाहीत. बुरा येऊच नये म्हणून सगळा आटापिटा असतो. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यानंतर ते पीठ वापरायचं नाही, कारण डोळ्याला दिसलं नाही तरी त्यात जीव झालेला असतो. मी लहानपणापासून हे पाळत आले. आता तेच जीव काचेवर बसले म्हणून पाचशे रुपये देऊन मारायचे?

मी स्वतःशी वाद घालून बघितला. गृहस्थाला सगळी हिंसा टळत नाही. स्वयंपाक, झाडलोट यात होते ती आरंभी हिंसा. ठरवून, मारायचं म्हणून केलेली ती संकल्पी. गृहस्थानं निदान संकल्पी सोडायची. मग भिंग पुसणं म्हणजे झाडलोटच नाही का? फरशी पुसताना काय काय मरतं, ते कोण मोजतं? आईपुढं हे सगळं मांडलं. ती शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, ‘घर पुसताना मरतं ते वेगळं. हे तू मारायचं म्हणून विकत घेणार.’

लेन्स परत पाठवली. ती दुसऱ्या कुणी घेतली असेल, पुसलीही असेल, हे मला कळतं. आईलाही कळत होतं. माझ्याजवळच्या लेन्सला उद्या बुरा आला तर काय करायचं, असं मी तिला विचारलं. त्याचं उत्तर तिनं दिलं नाही. ‘येऊ देऊ नको,’ एवढंच म्हणाली. घेणाऱ्याच्या दृष्टीनंही तेच शहाणपणाचं: पिवळी लेन्स घ्या, जड फिरणारी घ्या, बुरशीची घेऊ नका. त्या जागी मग मी पेंटाकॉन घेतली, २९ मिमी, एफ २.८, दोन हजार सहाशेला. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे दिसायला मिमीची दीडपट होते; २९ची ४३-४४ होते. मंडपात उभं राहून समोरचे चार खांब बसतात. सगळा मंडप एका फोटोत हवा असेल तर मात्र जुन्यात स्वस्त काही मिळत नाही, तिथं कॅमेऱ्याबरोबरची झूमच लावायची. जुन्या लेन्सेसवरचा लेपही बहुधा साधा असतो. दारातून ऊन आत येत असलं की चित्रावर पांढुरका पडदा येतो. अडीचशे रुपयांचं हूड लावलं की बराचसा जातो.

तिसरी हवी होती १३५ मिमीची. बस्तीपुढं मानस्तंभ असतो आणि त्याच्या टोकाला चारी दिशांना तोंड करून जिनमूर्ती असतात. खालून त्यांचं नुसतं अस्तित्व कळतं, चेहरा नाही. १३५ची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर २००सारखी होते, तेवढ्यानं चेहरा जवळ येतो. ही लांबीही त्या काळी घरोघर होती. लोकांनी घेतली, फार वापरली नाही, म्हणून स्वच्छही सापडते. फक्त हात हलतो, शटर २५०च्या खाली आणायचं नाही.

जुन्या मालाच्या बाजारात आणखी एक व्रत आडवं येतं, अचौर्याचं. पाठशाळेत तत्त्वार्थसूत्रातले त्या व्रताचे पाच अतिचार घोकून घेतले होते. तेव्हा ते नुसते जोडशब्द होते. लेन्स शोधायला लागल्यावर त्यांचे अर्थ समोर येऊन उभे राहिले. तदाहृतादान, म्हणजे चोरानं आणलेलं घेणं. मुंबईचा चोरबाजार नावाप्रमाणे सगळाच चोरीचा नाही, पण काल-परवाच्या महागड्या लेन्सचा कोणी फारच कमी भाव सांगितला तर ती कुठून आली, हे विचारावं आणि उत्तर पटलं नाही तर पुढं चालावं. प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे नकली माल खरा म्हणून खपवणं. रशियन झॉर्की आणि फेड कॅमेऱ्यांवर लायकाचं नाव कोरून विकायचा धंदा तर जगभर चालत आलाय. स्वस्तात मोठं नाव मिळालं की आधी अक्षरं नीट बघायची. हे दोन्ही विकणाऱ्याचे दोष, सांभाळणं सोपं. घेणाराच जास्त जाणता असेल तर काय, हा प्रश्न अवघड.

घटप्रभेकडच्या एका गावातला जुना स्टुडिओ बंद झाला होता. चालवणारे गृहस्थ वारलेले. त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढं ठेवला. आत एक झेनिट त्याच्या हेलिओससकट, एक यशिका, काही फिल्टर, आणि तळाला जुपिटर-३७ए. १३५ मिमी, एफ ३.५. बॅटरी लावून बघितली. स्वच्छ. बारा पाकळ्यांचं अ‍ॅपर्चर गोल मिटत होतं.

‘कितीला देणार काकू?’

‘काय ते पाचशे द्या नि सगळा डबा घेऊन जावा. भंगारवाला तेवढंपण देत नाही बघा.’

पाचशे रुपये पर्समध्ये होते. भाव त्यांनीच सांगितलेला, मी घासाघीसही केली नव्हती. पाच अतिचारांतल्या कुठल्याही कलमात हे बसत नाही. माप खोटं नाही, माल चोरीचा नाही. पण ज्या कामासाठी मला भिंग हवं होतं ते काम कुठलं, हेही आठवत होतं. मानस्तंभावरचे चेहरे काढायला हे असं मिळालेलं भिंग वापरायला मला आवडलं नसतं.

‘काकू, ही एकटीच चार हजारांच्या पुढं जाते. आणि ही कॅमेऱ्यावरची तेवढ्याचीच.’

त्यांनी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘मग सांगितलंत कशाला?’ असं म्हणाल्या. रागानं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. मी म्हटलं, मला ही एकच हवी, तिचे चार हजार देते. बाकीच्या विकायला मदत करते. त्या गप्प बसल्या. मग डब्याचं झाकण हातात घेतलं.

‘राहू देत. मला वाटलं भंगार आहे. ह्यांनी जन्मभर हेच हातात धरलं होतं. पोराला विचारते.’

झाकण लागायच्या आधी पर्समधल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या मी डब्यात टाकल्या. पोराचा फोन आला नाही. तो डबा अजून त्या घरातच असेल, आणि आमच्याकडचे पावसाळे काही त्याची वाट बघत थांबायचे नाहीत. कधी कधी वाटतं, भाव न सांगता घेतली असती तर निदान ती लेन्स तरी वाचली असती. पण ती लेन्सची बाजू झाली. काकूंच्या बाजूनं बघितलं तर त्यांना त्या दिवशी पैशांपेक्षा वेगळंच काही परत मिळालं.

तशीच जुपिटर मी पुढं एकाकडून चालत्या भावानं घेतली, तीन हजार आठशेला. अ‍ॅडाप्टर सातशेचा, हूड अडीचशेचं, हवाबंद डबा आणि सिलिका जेल चारशेचं. सगळे मिळून नऊ हजार नऊशे पन्नास. पन्नास रुपये उरले.

यातला शेवटचा खर्च लोक टाळतात, आणि तोच सगळ्यात गरजेचा. जूनच्या आधी लेन्सेस त्या डब्यात जातात. सिलिका जेलच्या खड्यांचा रंग बदलला की ते जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करायचे. त्या कढईत परत काही शिजवायचं नाही. उघडीप मिळाली की लेन्सेस बाहेर काढून वापरायच्या. कपाटात पडून राहणारी लेन्सच आधी बुरशी धरते.

मुनींजवळ पिंछी, कमंडलू आणि शास्त्र एवढंच असतं. त्यांच्या पाच समितींतली एक आदाननिक्षेपण: वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट बघून, पिंछीनं हळूच झाडून घ्यायची, त्यात कुठला जीव सापडू नये म्हणून. लहानपणी मला ते फार कठीण वाटायचं. आता वाटतं, वस्तू तीनच असल्यामुळे ते जमत असावं. पावसाळ्यातल्या दर रविवारी मी डबा उघडते, बॅटरी लावून तीनही भिंगं आरपार बघते, कड्या फिरवते, परत ठेवते. दहा मिनिटं लागतात. पंधरा असत्या तर तासभर लागला असता, आणि दुसऱ्याच रविवारी मी कंटाळले असते.

मध्यंतरी एका ओळखीच्यानं चौथी देऊ केली. ५० मिमी, एफ १.४, आणि तीही फुकट. ‘फुकट आहे, घ्या की,’ म्हणाले. आज्जीच्या नियमानं घ्यायला हरकत नव्हती. फक्त तिघींतली एक द्यावी लागली असती. टाकुमार दिली तर गाभारा गेला, पेंटाकॉन दिली तर मंडप, जुपिटर दिली तर मानस्तंभ. तीन रविवार मी त्या डब्यापाशी बसून विचार केला. मग त्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणाला तरी द्या. तेवढं एफ १.८च्या खालच्या अंधारात काय आहे, ते काही मला दिसायचं नाही.